होडीवरची उंडी

सोनूबाई कोळणीने पाटी उतरवली, चाळीच्या पायरीवर बसली, आणि शेवंतीने सुकटीचा भाव पाडून मागितला तरी भांडली नाही. तेव्हाच शेवंतीने ओळखलं की हिच्या घरी काहीतरी बिनसलंय. एरवी सोनूबाईशी भाव करायचा म्हणजे कंबर कसून बसावं लागे. लालबागची ती अख्खी चाळ तिच्या तोंडाला भीत असे आणि तिच्या पाटीची वाटही बघत असे.

खोदून विचारल्यावर ती बोलली. आषाढ सरता सरता जे वादळ झालं, त्यात दादरच्या किनाऱ्यावरची त्यांची उंडी मोडली होती. झाड सासऱ्याच्या बापाच्या वेळचं. पावसाळ्यात होडी त्याच्याच सावलीला ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवायची पद्धत. वादळात त्याची सगळ्यात मोठी खांदी बुंध्यापासून फाटली. पण धड तुटलीही नाही. एक टोक बुंध्याला सालीच्या आणि लाकडाच्या पट्ट्यावर लोंबतंय, आणि दुसरं टोक पानाफांद्यांसकट होडीच्या मागच्या अंगावर टेकलंय. होडी हलवावी तर खांदी सुटून तिचा चुरा करणार. खांदी तोडावी तर तीच गत. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, बाकीच्यांनी आपापल्या होड्यांना तेल चोपडायला घेतलं, आणि हिचा नवरा धर्मा दिवसभर त्या झाडाकडे बघत बसलेला.

"झार आमचे होरीवर परलाय," सोनूबाई म्हणाली. "हात लावाला कोन धजत नाय. ती होरी गेली तं आमी दुसऱ्याचे होरीवर खलाशी."

शेवंतीच्या तोंडाला कुंपण नव्हतंच. ती म्हणाली, आमच्या ह्येंनी गावाक असली झाडां किती उतरवली हत, त्येंका धाडतंय रविवारी.

गुणाजी गिरणीतून आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत कापसाची तूस होती. पायरीवर बसून तो नेहमीसारखा खोकला, आणि मग बायकोने त्याला त्याचं रविवारचं काम सांगितलं. गुणाजी हातपाय धुऊन ताटावर बसला. त्याचं वय पन्नाशीला टेकलेलं. गावातून येऊन इतकी वर्षं झाली होती की तो शेवटचा झाडावर कधी चढला हे त्यालाच आठवत नव्हतं.

"माका इचारल्याशिवाय तोंड कशाक उघडलंस?" तो म्हणाला.

"इचारलंय असतंय, तर तुमी नायच म्हटला असतास."

हे खरं होतं, म्हणून तो आणखी चिडला. पण जेवताना त्याची नजर पुन्हा पुन्हा भिंतीकडे जात होती. तिथे खिळ्याला त्याची आकडी टांगलेली होती. कोयता कमरेला मागे अडकवायची ती लाकडी आकडी त्याने गावाहून येताना तशीच कमरेला बांधून आणलेली, आणि मुंबईत तिला काही कामच उरलं नाही म्हणून शेवंती तिच्यावर कांद्यांची माळ अडकवी. जेवण झाल्यावर गुणाजीने माळ उतरवून खाली ठेवली आणि आकडी पंच्याने पुसली. शेवंतीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी दोघं चालत निघाली. लालबागेपासून दादरचा किनारा तेव्हा दूर वाटे, कारण मधे सगळं रानच. आज तिथे उभं राहून कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. परळची वस्ती मागे पडली की भाताची खाचरं लागत, त्यांत बगळे आणि गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका. मग माडांच्या वाड्या सुरू होत, एकीतून दुसरीत, आणि भंडाऱ्यांच्या माडीच्या मडक्यांचा आंबूस वास. गुणाजी रोज भोंग्याच्या तालावर चालणारा माणूस. पण त्या वाटेने त्याचे पाय आपोआप सैल पडले. एका बांधावर तो थांबला आणि चिखलाचा वास घेत उभा राहिला. शेवंतीने त्याला घाई केली नाही.

उंडी त्याला लांबूनच दिसली. झाड मोठं होतंच, पण मोडल्यामुळे आणखी मोठं वाटत होतं. गुणाजी त्याच्याभोवती फिरला. एकदा जवळून, एकदा लांबून, एकदा समुद्राच्या बाजूने गुडघाभर पाण्यात उभं राहून. फाटलेल्या लाकडाला त्याने नख लावलं, फटीत कान देऊन ऐकलं, कुठे टेकलंय, कुठे ओढलंय ते बघितलं. बुंध्याला चीर खालपर्यंत गेली होती, तेव्हा झाड पुढेमागे सगळंच उतरवावं लागणार होतं. पण वरचा एक दुबेळका, दोन फांद्यांचं बेचकं, अजून घट्ट होता. मोडलेल्या ठिकाणाहून पिवळट चीक गळत होता, आणि खाली वाळूत मागल्या हंगामाच्या उंड्या कुजत पडल्या होत्या. त्यांचा तो कडवट तेलकट वास नाकात गेला मात्र, गुणाजी क्षणभर दादरला राहिलाच नाही. गावच्या घरात उंडीच्या तेलाचाच दिवा जळे. त्या दिव्याखाली आई भाकरी थापी आणि बाप सुंभ वळत बसे. इतक्या वर्षांत चाळीतल्या घासलेटच्या दिव्याने तो वास पार पुसला होता.

धर्मा साठीचा, अबोल. त्याचा धाकटा भाऊ हरेश्वर मात्र अंगाने रेडा आणि बोलण्यात तिखट. त्याला स्वतःला कुऱ्हाड घेऊन खांदी खालून तोडायची होती. सोनूबाईने अडवलं म्हणून तो धुसफुसत होता. गुणाजीचं धोतर, खोकला, बारीक पिंढऱ्या बघून तो आपल्या सोबत्यांना म्हणाला की गिरनीवाला वरती कापूस पिंजाला चाललाय. सगळे हसले. गुणाजीही कसनुसा हसला.

त्याने मागितलं ते सगळं मात्र कोळ्यांकडे होतं. त्यात दोर तर असे की गावात त्याच्या बापानेही बघितले नसतील. शिडाची कप्पी होती. गलबतं दुरुस्त करणाऱ्या सुताराची करवत मिळाली, शेजारच्या वाडीतल्या भंडाऱ्याने कोयता दिला. बेत गुणाजीने वाळूत काडीने आखून दाखवला. वरच्या घट्ट दुबेळक्याला कप्पी बांधायची. तिच्यातून दोर ओवून खांदीच्या मधल्या भारावर बांधायचा, आणि दुसरं टोक खाली शेजारच्या माडाला दोन वेढे देऊन माणसांनी धरायचं. आधी वरची लोंबती छोटी फांदी उतरवायची, मग खांदीचा पाला हलका करायचा, आणि मग पट्टा कापायचा. खालून घाव आधी, वरून मागाहून, म्हणजे साल फाटत येत नाही. खांदी दोरावर आली की हळू हळू खाली सोडायची. एक आडवा दोर समुद्राकडे ओढून तिला होडीवरून बाजूला न्यायचं. होडीजवळ आणि झाडाखाली कुणी उभं राहायचं नाही.

चढण्याआधी गुणाजीने नारळ झाडाच्या मुळाशी ठेवला आणि हात जोडले. त्याच्या घरची ही रीत. शेत भाजायच्या राबासाठी झाडाचा कवळ, म्हणजे डहाळ्या, तोडायचा असो, लग्न असो, नवी म्हैस असो, बाप आधी देवाला गाऱ्हाणं घालायचा, आणि जमलेली माणसं दर वाक्याला हुंकार भरायची. गुणाजीने बापाचे शब्द आठवत आठवत म्हटले. झाडात जो कोण वसलेला असेल, जे पाखरू-किडूक असेल, त्याला दुसरा आसरा दे. चढणाऱ्याचा पाय घट्ट ठेव. एवढं म्हणून तो थांबला, कारण तिथे माणसांनी हुंकार भरायचा असतो. कोळी मंडळी आदराने हात जोडून गप्प उभी होती. त्यांना काय ठाऊक! शेवंती तेव्हा सोनूबाईबरोबर घरात तांदूळ निवडत होती. गुणाजीने गाऱ्हाणं तसंच अर्धं गुंडाळलं, आणि त्याच्या मनाला ते लागून राहिलं.

पहिल्या प्रयत्नात ओल्या सालीवरून त्याचा पाय सटकला आणि तो वाळूत बसला. पुन्हा हशा झाला. त्याने तळपायांना राख चोळली, शिडी लावली, कमरेचा दोर बुंध्याभोवती टाकला, आणि या वेळी चढला. पहिल्या बेचक्यापर्यंत तो प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होता. त्यापुढे मात्र हातापायांनी डोक्याला विचारायचं सोडून दिलं. कुठे पाऊल ठेवायचं, कुठली डहाळी सुकी, कुठे आधी भार टाकून बघायचा, सगळं अंगात जसंच्या तसं होतं. दुबेळक्यात बसून त्याने कमरेचा दोर वर बांधला आणि दम घेतला. खाली माडांची वनं पार माहीमपर्यंत पसरलेली, आणि दुसऱ्या बाजूला परळच्या गिरण्यांची धुराडी. इथून ती काठीएवढी दिसत होती. त्याला उगीचच बरं वाटलं.

कप्पी बांधून झाली. छोट्या फांदीला फास बसला. त्याने करवत चालवली आणि ओरडून सांगितलं, आली, सांभाळा. फांदी सुटली, दोरावर वजन आलं, आणि खाली हरेश्वर आणि चौघा गड्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. दोराला वजन आलं की हैश्या म्हणून एका दमात ओढायचं. जाळं तसंच येतं, शीड तसंच चढतं, नांगर तसाच निघतो. फांदी खाली जायच्याऐवजी वर उसळली, कप्पीला आपटली, गरकन फिरली आणि गुणाजीच्या अंगावर आली. तो बुंध्याला पालीसारखा चिकटला म्हणून डोकं वाचलं. खांदा सोलून निघाला. झाडाला हिसका बसला, मोठी खांदी वीतभर खाली घसरली, आणि होडीच्या फळीतून जो आवाज आला तो ऐकून धर्माने डोळे मिटून घेतले.

 गड्यांनी दोर माडाला आवळला. गुणाजी खाली उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. शेवंती आवाज ऐकून धावत आली होती. तिने लुगड्याचा पदर ओला करून जखमेवर दाबला आणि घरी चला म्हणाली.

"ओढूचा नाय," गुणाजी हरेश्वरला म्हणाला. "सोडूचा हा. किती येळा सांगू?"

हरेश्वर काळाठिक्कर पडला होता.  मुद्दाम केलं नव्हतं हे सगळ्यांनाच दिसत होतं. त्याने शेजारच्या झाडावरून दुसरा दोर टाकून धरला, धर्माला दुसऱ्या टोकाला लोंबकळायला लावलं. आणि वजन आलं तशी हाताने पुन्हा ओढच घेतली. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"आमचे हातांना सोराची सवय नाय, दादा," धर्मा म्हणाला. "वजन आला का हात आपसूक ओरतान. ऱ्हाऊ दे. तुजा जीव महाग. होरी जाल तं जाल."

असं म्हणून तो म्हातारा होडीकडे पाठ करून बसला. गुणाजीला ते बघवेना. असाच पाठ करून बसलेला एक म्हातारा त्याने पूर्वी पाहिला होता.

गावाहून निघाला त्या पहाटेची गोष्ट. शेतात दोघांचं भागत नव्हतं, आणि बापाला मुंबई मान्य नव्हती. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यावर उभं करून गाऱ्हाणं घालतात, वाडीतली माणसं जमतात. गुणाजी बोचकं घेऊन उंबऱ्यावर उभा राहिला तेव्हा बाप गोठ्यात म्हशीपाशी पाठ करून बसलेला होता. आईने हातावर गुळाचा खडा ठेवला. गाऱ्हाणं झालं नाही. गुणाजी तसाच बंदरावर गेला, आणि पुढे दोन वर्षांत बाप गेल्याचा निरोप चाळीच्या पायरीवर आला.

आता मधे पडली सोनूबाई. ती नवऱ्याला म्हणाली, बापयांचे हात ओढायचे, मान्य, पण विहिरीवर पाणी काढणाऱ्या बायांचे? "आमी रोज बावीन कलसा सोरताव. भरलेला वरती घेताव, रिकामा खालती सोरताव, काठाला लागू देत नाय. माजे कलशाला एक पोचा दाखव." आणि कुणाची परवानगी न विचारता तिने हाका मारल्या. दुर्गा आली, लक्ष्मी आली, शेजारपाजारच्या कोळणी कासोटे आवळून आल्या. हरेश्वर कुरकुरला, तर तिने त्याला आडव्या दोरावर धाडलं. तिथे ओढायचंच काम होतं.

शेवंतीने नवऱ्याच्या खांद्याला फडकं बांधलं. घरी चला असं ती पुन्हा म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, गाऱ्हाणां घातलास? तो म्हणाला, घातलंय, पण हुंकार देवक कोण होता? शेवंती ताडकन उठली. तिने सगळ्या कोळणींना, गड्यांना, धर्मालाही झाडापुढे उभं केलं आणि बजावलं की मी म्हणेन तसं म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा," गुणाजीने सुरुवात केली. "ह्या झाडात जो कोण वसलेलो आसात, त्येका दुसरो आसरो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शेवंती खणखणीत म्हणाली. तिच्यामागून बाकीचे पुटपुटले.

"चडणाऱ्याचो पाय घट्ट ठेव, दोर धरणाऱ्याचो हात शाबूत ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी सगळे.

"ह्या लेकरांची होडी ह्येंच्या पदरात सुखरूप घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" धर्माचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

 गुणाजी वर चढला. अडकून राहिलेली छोटी फांदी आधी बायकांनी सावकाश खाली घेतली. पाला त्याने डहाळी डहाळीने हलका केला. प्रत्येक डहाळी दोराने होडीच्या पलीकडे उतरवली. ऊन वर आलं, समुद्राचं पाणी मागे गेलं, तरी तो घाई करीना. मग मोठा दोर खांदीच्या भारावर बांधून बायकांना ताण घ्यायला लावला. पट्ट्याला खालून करवत, मग वरून. शेवटचा धागा तुटला तशी खांदी हातभर खाली आली आणि दोरावर थांबली. माड करकरला, वेढ्यांतून धुराचा वास सुटला, शेवंतीने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. सोनूबाई पाय रोवून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. कुणी ओढलं नाही.

सगळ्यांनी एकाच वेळी सारखा दोर सोडायचा, तर इशारा हवा. गुणाजीच्या तोंडून तो आपोआप आला. तो वरून गाऱ्हाणं घाली, खालून हुंकार येई, आणि प्रत्येक हुंकाराला हातभर दोर सुटे. खांदी तेवढी खाली येई. तिकडे हरेश्वर आणि गडी आडवा दोर मनसोक्त ओढत होते, आणि खांदी होडीवरून इंच इंच समुद्राकडे सरकत होती.

अर्ध्यावर गुणाजीचे बापाकडून ऐकलेले शब्द संपले. खांदीचं एक बोथट टोक होडीच्या काठापासून बोटभर अंतरावर लोंबत होतं. थांबणं परवडणारं नव्हतं. मग त्याला सुचेल ते तो म्हणू लागला. आमच्या व्हाळाचा पाणी आटू देव नको रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. परसातल्या फणसाक, गोठ्यातल्या म्हशीक सुखी ठेव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. खाचराच्या बांधाक, उंबऱ्याक, आयेच्या चुलीक. एकेक नाव त्याच्या तोंडून निघत होतं आणि खाली उतरत होतं. डोळ्यांपुढचं धूसर झालं तरी खांदी दिसत होती.

"माझ्या बापाशीच्या जीवाक इसावो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," खालून बायका म्हणाल्या, आणि खांदी होडीच्या पलीकडे वाळूवर टेकली. टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

धर्मा होडीकडे धावला. झावळ्या भिरकावून त्याने एक एक फळी हाताने चाचपली. एका फळीला चीर गेली होती, ती डांबर आणि सुताने बुजली असती. तो खाली बसला आणि होडीच्या पोटाला गाल लावून लहान मुलासारखा रडला. हरेश्वर गुणाजीला उतरवून घ्यायला शिडीशी येऊन उभा राहिला आणि त्याने खांदा पुढे केला. गुणाजीने त्यावर पाय दिला.

पुढच्या रविवारी उरलेलं झाड असंच तुकड्यातुकड्यांनी उतरलं. त्याच्याच जुन्या बियांचं काढून ठेवलेलं तेल सोनूबाईने गुणाजीला मडकंभर दिलं. पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला गेला, आणि होडी पाण्यात गेली ती दुसऱ्या दिवशीच्या भरतीला. गुणाजी तेव्हा गिरणीत होता.

त्यानंतर सोनूबाई आली ती ताजी कोलंबी घेऊन, आणि पायरीवर शेवंतीशी मनसोक्त भांडली. गुणाजी सुटून आला तेव्हाही ती तिथेच होती. होडी कशी उतरवली ते तिने रंगवून सांगितलं. उतारावरून होडी एकदम सुटू नये म्हणून मागून दोर धरून हळूहळू सोडावी लागते. दरवर्षी तिथे गड्यांची ओढाताण होते, कुणाचा तरी पाय चेंगरतो. औंदा दोर बायांनी धरला, आणि दर हाताला सगळे तुमचं ते व्हय म्हाराजा बोलले. घोडपदेवचा एक पाहुणा आला होता, दगडू नावाचा. तो विचारायला लागला की हे काय बोलताव, याचा अर्थ काय.

"मंग काय सांगितलास?" गुणाजीने विचारलं.

"मना काय ठाव? मी बोलली, जड काय हातातून सोराचा असला, का असा बोलतान. एकट्याने सोरवत नाय. म्हंजी मागून कोनी तरी बोलाया लागतं."

ती पाटी उचलून गेली. गुणाजी हातपाय न धुताच पायरीवर बसून राहिला. दिवेलागण झाली तेव्हा शेवंतीने घासलेटचा दिवा बाजूला सारून पणतीत उंडीचं तेल घातलं आणि वात लावली. तो वास खोलीत भरला, उंबऱ्यापर्यंत आला. गुणाजी उठला आणि गावाहून निघाला त्या पहाटेसारखा उंबऱ्यावर उभा राहिला, पाठ बाहेर, तोंड घराकडे.

"बा देवा म्हाराजा," तो अगदी हळू म्हणाला. "गुणाजी घरातसून भायर पडता हा. त्येका जाऊक दी रे म्हाराजा."

शेवंती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वळवली नाही, हातही थांबवला नाही.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.